नगर–बीड रेल्वे : रुळांचे निम्मे पैसे राज्याचे, मग गाडी किती वेळा धावायची हे कोण ठरवणार?

सिंदफणाकाठ (धागाकर्ता)

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामदिनी, बीडच्या स्टेशनातून पहिली प्रवासी गाडी सुटली तेव्हा मी वडिलांना घेऊन गेलो होतो. गर्दी एवढी की डबे लांबूनच बघितले. परत येताना रिक्षात ते एकच विचारत होते, "ही आता रोज येणार ना?" मी म्हटलं, रविवार सोडून. त्यावर ते गप्पच बसले. त्यांचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज होता ३५३ कोटींचा. बीडचे खासदार राहिलेले केशरकाकू क्षीरसागर आणि गोपीनाथ मुंडे, दोघांनीही आपापल्या काळात हा विषय लावून धरला. पण पैसे यायचे ते चिमूट चिमूट. काम रेंगाळलं तसं राज्याने निम्मा खर्च उचलायचं कबूल केलं, आणि तिथून 'आधी तुम्ही द्या, मग आम्ही देतो' सुरू झालं. महाविकास आघाडीच्या काळात राज्याचा हिस्सा अडला, असं महायुतीचे नेते सभांमधून सांगतात. तो वाद मला इथे नको आहे, कारण १९९५ पासून इकडे आणि तिकडे सगळ्याच पक्षांची सरकारं येऊन गेली. २०२२ पर्यंत खर्चाचा अंदाज ४८०५ कोटींवर गेला होता. म्हणजे राज्याच्या वाट्याला २४०० कोटींच्या वर.

नगर–आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाला. आष्टी–अंमळनेर (बीड जिल्ह्यातलं) २८ फेब्रुवारी २०२४ ला. मग बीड. आता १६७ किलोमीटर झाले, परळीपर्यंतचे ९४ राहिलेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. रूळ टाकायला निम्मे पैसे कोणी द्यायचे हे कागदावर ठरलं. गाडी चालवायचा खर्च कोणाचा, दिवसातून किती फेऱ्या, कोणत्या वेळेला, हे माझ्या माहितीत कुठेच ठरलेलं नाही. सुरू झाली तेव्हा दिवसाला एकच डेमू (डिझेलवरची प्रवासी गाडी) होती. सकाळी नगरहून निघणार, दुपारी साडेबाराच्या सुमाराला बीडला, अर्ध्या तासाने परत. साडेपाच तास! एसटी तीन-साडेतीन तासांत पोचते. बीडच्या माणसाला सकाळी नगरला जाऊन, दवाखाना किंवा कचेरीचं काम करून रात्री घरी यायचं असेल तर या गाडीचा काय उपयोग? निम्मे पैसे देणाऱ्या राज्याला हे विचारायचा अधिकार आहे की नाही?

---

हिशेबनीस

तुमचं दुःख समजतं. पण रेल्वेची बाजूही कोणीतरी मांडायला हवी, मी मांडतो.

प्रवासी वाहतूक हा रेल्वेचा तोट्याचा धंदा आहे. २०२२-२३ मध्ये प्रवासी तिकिटांवर ५६,९९३ कोटींचं अनुदान दिल्याचं रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. सरासरी धरली तर प्रत्येक प्रवाशाला ४६ टक्के सूट. म्हणजे १०० रुपये खर्च आला तर तिकिटाचे ५४. ही सरासरी झाली. राजधानी-वंदे भारत एका टोकाला आणि तुमची डेमू दुसऱ्या टोकाला. भरून काढायचं कशातून, तर कोळसा, सिमेंट आणि लोखंडाच्या मालगाड्यांमधून. एवढं करून शंभर रुपये कमावायला अठ्ठ्याण्णवच्या आसपास खर्च होतात. राहिलेल्या दोन रुपयांत रेल्वेने काय काय करायचं?

मालवाहतुकीचे दर त्यामुळे चढे राहतात आणि माल रस्त्यावर जातो, हेही लक्षात घ्या. बीडच्या डेमूचा तोटा शेवटी कोणीतरी सिमेंटच्या पोत्यामागे भरतोच.

---

सिंदफणाकाठ

काका, आकडे मान्य. पण अर्ध्या मार्गावरच्या गाडीचा तोटा मोजून आम्हाला दाखवू नका. नगर ते बीड हा आज बंद बोळ आहे. परळी जोडली की एकीकडे परभणी-नांदेड आणि दुसरीकडे विकाराबाद-हैदराबाद. परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. तेव्हा या रुळांवरून माल धावेल, लांबच्या गाड्या धावतील. पूल अर्धा बांधून ठेवायचा आणि त्याच्यावरून कोणी जात नाही म्हणायचं, हा हिशेब कोणता?

---

वऱ्हाडी मुसाफिर

भाऊ, तुमच्याकडे गाडी आली तरी. आमच्याकडची गेली.

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, आमची शकुंतला. जवळपास १९० किलोमीटरची नॅरोगेज. कापूस न्यायला इंग्रजी कंपनीने घातलेली. १९५१ च्या राष्ट्रीयीकरणातून ती सुटली, म्हणजे रूळ क्लिक निक्सन कंपनीचे आणि गाडी चालवणार मध्य रेल्वे. ब्रिटिश काळात झालेल्या कराराला दर दहा वर्षांनी मुदतवाढ. कंपनीला पैसा द्यायचा की नाही, देखभाल कोणी करायची, यावर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिच्यापुढे धावत होतं! सिनेमात दाखवतात तशी गोष्ट वाटते, पण त्या डब्यात बसून दर्यापूर-अंजनगावची बाया-माणसं बाजार करत. माझी आजी मूर्तिजापूरला त्याच गाडीने यायची, कारण एसटीचं भाडं परवडत नव्हतं.

२०१६ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेजसाठी १५०० कोटींची घोषणा झाली. लोकांनी फटाके फोडले. पुढे गाडी थांबली आणि ब्रॉडगेजही आली नाही. आज रुळांमध्ये बाभळी वाढल्यात.

सांगायचं एवढंच की, मालकी एकाची, चालवणारा दुसरा आणि तोट्याला जबाबदार कोणीच नाही, असं झालं की मरते ती गाडी. तुमचा प्रश्न म्हणूनच बरोबर आहे. करारात आत्ताच लिहून घ्या. नंतर कोणी ऐकत नाही.

---

लाल डबा

वडील एसटीत वाहक होते, म्हणून एसटीचं उदाहरण देतो. इथे चपखल बसतं.

मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. ही सवलत एसटीने स्वतःच्या खिशातून दिलेली नाही, तिची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देतं. देणी थकतात, त्यावरून पगार लांबतात, ते सगळं खरं. पण तत्त्व स्पष्ट आहे. सरकारला वाटलं की बायकांनी स्वस्तात प्रवास करावा, तर त्याचे पैसे सरकार मोजणार.

आता बीडची एक बाई नगरला निघाली तर एसटीत राज्य तिच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे भरतं. तीच बाई डेमूत बसली तर राज्याचा तिच्याशी संबंध संपला. का? प्रवासी तीच, जिल्हा तोच, तिजोरीही तीच. बसच्या सवलतीसाठी जे राज्य वर्षाला पैसे मोजू शकतं, ते रोजची एक जादा डेमू का 'मागवू' शकत नाही?

---

हिशेबनीस

कारण संविधानात रेल्वे केंद्राच्या सूचीत आहे. राज्याने एकदा चालवण्याचा तोटा भरायला सुरुवात केली की उद्या केंद्र प्रत्येक पॅसेंजरचं बिल राज्याकडे पाठवेल. 'तुम्ही तोटा भरा, नाहीतर मार्ग बंद करतो' हे पत्र यायला मग किती वेळ लागतो? राज्यं घाबरतात ती याला. बांधायचा खर्च एकदाचा असतो, चालवायचा खर्च कायमचा.

---

लाल डबा

हा मुद्दा खरा आहे. याच्यावर लगेच उत्तर नाही माझ्याकडे.

---

श्टुटगार्टकर

मूळचा जामखेडचा, बारा वर्षं जर्मनीत. लाल डबा, तुम्ही 'मागवणे' हा शब्द वापरलात आणि राहवलं नाही, कारण इथे नेमका तोच शब्द आहे. राज्य गाड्या 'मागवतं', कंपनी त्या पुरवते.

१९९६ पर्यंत इथेही तुमच्यासारखंच होतं. केंद्राची रेल्वे, तोट्यातले फाटे, एकामागून एक बंद. १९९६ च्या जानेवारीपासून कायदा बदलला. जवळच्या अंतराच्या सगळ्या प्रवासी गाड्यांची जबाबदारी राज्यांकडे गेली. हिशेबनीस काकांना जी भीती वाटते ती इथेही होती, म्हणून राज्यांनी नुसती जबाबदारी घेतली नाही, पैसेही मागून घेतले. केंद्र त्यासाठी राज्यांना दरवर्षी ठरलेली रक्कम देतं. आज ती १० अब्ज युरोंच्या वर आहे. कोणत्या मार्गावर किती फेऱ्या, शेवटची गाडी किती वाजता, हे राज्य ठरवतं आणि करारात लिहितं. गाडी उशिरा आली, डबे कमी लावले, तर कंपनीचे पैसे कापतात.

माझ्या घराजवळचं उदाहरण सांगतो. ब्योब्लिंगन ते डेटनहाउजन हा १७ किलोमीटरचा फाटा. प्रवासी नाहीत म्हणून १९६६ ला प्रवासी गाडी बंद केली. तीस वर्षांनी, १९९६ ला, दोन जिल्ह्यांनी मिळून तो हातात घेतला आणि सुरू केला. दिवसाला अडीच हजार प्रवासी येतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षातच तो मागे पडला, पुढे तर कितीतरी पट झाले. लोक तेच, रूळ तेच. बदललं काय, तर गाड्या ठरावीक अंतराने, दिवसभर येऊ लागल्या. दिवसातून एकदा येणाऱ्या गाडीवर कोणी आपलं आयुष्य बेतत नाही.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. देशभर चालणारा महिन्याचा पास २०२३ मध्ये ४९ युरोंना निघाला. केंद्राने दीड अब्ज आणि राज्यांनी मिळून दीड अब्ज द्यायचे ठरले, आणि तेव्हापासून दरवर्षी भांडण. पास ५८ वर गेला, २०२६ पासून ६३. पण भांडण कशावर, तर ठरलेल्या रकमेच्या वाढीवर. गाडी कोणाची, हा प्रश्न तिथे उरलेला नाही.

---

तोडकऱ्याची लेक

इतकं सगळं वाचलं. माझं थोडं वेगळं आहे.

आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक नाहीतर ट्रॅक्टर यायचा, भांडीकुंडी, शेळी, आम्ही पोरं, सगळं वर चढवायचं आणि सांगली-कोल्हापूरकडे निघायचं. रात्रभर उघड्यावर. थंडीत आई आम्हाला गोधडीत गुंडाळून मध्ये बसवायची. उलटलेल्या ट्रॉल्यांच्या बातम्या दरवर्षी येतात, त्या वाचताना अजून छातीत धस्स होतं.

मी आता शिरूर (कासार) तालुक्यात शिक्षिका आहे. माझ्या वर्गातली निम्मी पोरं हंगामात निघून जातात. रेल्वे आली म्हणून तोड थांबणार नाही, एवढं मला कळतं. पण लेकरांना आजी-आजोबांपाशी ठेवलं, आणि आई-बापाला महिन्या-दोन महिन्यांनी नगरपर्यंत येऊन पुढे चाळीस-पन्नास रुपयांत गावी पोचता आलं, तर किती लेकरं शाळेत राहतील? एसटीने ते परवडत नाही, ट्रक मुकादम फक्त दोनदा पाठवतो, नेताना आणि आणताना.

गाडीचा तोटा मोजणाऱ्यांनी हे कुठल्या रकान्यात धरलंय, ते मला सांगावं. रागाने नाही विचारत. खरंच विचारते.

---

हिशेबनीस

ताई, कुठल्याच रकान्यात नाही. तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ बसून राहिलो.

मग एक गोष्ट आठवली, ती सांगितलीच पाहिजे. सीमेकडचे काही मार्ग संरक्षणासाठी लागतात, ते फायद्यात येणं शक्यच नाही. अशा मार्गांचा चालवण्याचा तोटा केंद्राच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पातून रेल्वेला भरून देतात. वर्षानुवर्षं चालत आलेली तरतूद आहे, रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प २०१७ मध्ये विलीन झाला तरी ती राहिली. म्हणजे 'देशाला गरज आहे म्हणून तोटा देशाने भरायचा' हे तत्त्व आपल्याकडे आहेच. मागास भागातल्या मार्गांना ते लावलेलं नाही, इतकंच. मी मघाशी जे लिहिलं त्यातलं राज्याच्या भीतीचं अजूनही खरं मानतो. पण तोटा मालगाडीवर ढकलायचा किंवा मार्ग उपाशी ठेवायचा, असे दोनच रस्ते आहेत असं मी सुचवलं होतं. ते चुकलं.

---

काजूबोंड

कोकणातून थोडी भर. राज्याने पैसे घातले म्हणजे शब्दाला वजन येतं, हा समज आमच्याकडे बघून दुरुस्त करा.

कोकण रेल्वे महामंडळात सुरुवातीला केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकचे १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा. १९९० पासून आपण भागधारक. कर्जरोखे काढून बांधलेली रेल्वे, त्यामुळे भाडं प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर धरून लावलं गेलं, ते कोकणी माणसाने मुकाट भरलं. एवढं करून दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर करोनात बंद झाली ती परत आली तेव्हा दादरच्या अलीकडे दिवा स्टेशनातच थांबायला लागली. चिपळूण-खेडची म्हातारी माणसं सामान घेऊन दिव्याला उतरतात आणि लोकलच्या गर्दीत शिरतात. किती निवेदनं दिली. २२ टक्क्यांच्या मालकाला एक गाडी दादरपर्यंत आणता आलेली नाही.

२०२५ मध्ये राज्याने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला संमती दिली आणि आपले घातलेले ३९६ कोटी परत मागितले. मागायलाच हवेत. पण माझ्या मते त्या पैशांच्या बरोबरीने दोन-चार गाड्यांची हमी मागायला हवी होती. दुहेरीकरण होईल तेव्हा होईल.

---

वऱ्हाडी मुसाफिर

काजूबोंड, एकदम पटलं. करोनाचा विषय निघाला म्हणून आठवलं. तेव्हा साध्या पॅसेंजरला 'स्पेशल' म्हणून एक्स्प्रेसचं भाडं लावलं, किमान तिकीट १० वरून ३० रुपये झालं. गाडी तीच, वेग तोच, थांबे तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुनं भाडं परत आलं. मधल्या चार वर्षांत मजुरीला बडनेरा-अकोला करणारी किती माणसं सुटली, ती परत रेल्वेकडे वळली नाहीत. मग म्हणायचं प्रवासी नाहीत.

---

सिंदफणाकाठ

सगळ्यांचे आभार. धागा काढताना मला इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री वडिलांना तोडकऱ्याची लेक यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनीही दोन हंगाम तोड केलीये, मला हे माहीत नव्हतं. साठ वर्षांत कधी बोलले नाहीत.

काजूबोंड म्हणतात त्यावर विचार केला. निव्वळ हिस्सा पुरत नाही, अट लागते. परळीपर्यंतचे ९४ किलोमीटर बाकी आहेत, म्हणजे राज्याचे हप्ते अजून जायचेत. हप्ते जातायत तोवरच अट घालता येईल. शेवटचा हप्ता गेला की आपण दिव्याला.

अट काय असावी? माझ्या मनात अशी आहे. पहाटे बीडहून सुटून कचेऱ्या उघडायच्या आत नगरला पोचणारी एक गाडी, संध्याकाळी परत. आठवड्याचे सातही दिवस. दोन-तीन वर्षं तिचा तोटा राज्य आणि केंद्र निम्मा-निम्मा भरतील, जसा रुळांचा खर्च निम्मा-निम्मा होता, आणि तोटा कसा मोजला तो हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. मुदत ठरलेली असली की हिशेबनीस काकांची 'कायमचं बिल' ही भीती थोडी कमी होते. वर्धा–यवतमाळ–नांदेड, सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हेही राज्याचा हिस्सा असलेले मार्ग आहेत. एकदा इथे अट लागली तर तिथेही मागता येईल.

---

हिशेबनीस

मुदतीची कल्पना चांगली आहे. एक दुरुस्ती. तोटा 'सरासरी खर्चावर' मोजू देऊ नका. रूळ, सिग्नल, स्टेशनं, कर्मचारी आधीच आहेत. दुसऱ्या फेरीचा हिशेब करताना त्या फेरीमुळे जो खर्च वाढतो तेवढाच धरायला हवा, म्हणजे डिझेल, चालक दल, डब्यांची देखभाल. सरासरीने मोजला तर आकडा बघूनच मंत्रालयातली फाइल बंद होईल. सुरुवात अशी करा की माहिती अधिकारात राज्य आणि रेल्वे यांच्यातल्या कराराची प्रत मागवा. त्यात चालवण्याबद्दल एखादा शब्द तरी आहे का, ते आधी कळू दे. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो, आयुष्यभर तेच केलं.

---

लाल डबा

विभागाच्या रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीपुढेही विषय न्यायला हवा. मी नगरला असतो. बसस्थानकावर बीड, पाटोदा, आष्टीच्या गाड्यांना सकाळी किती प्रवासी असतात ते आठवडाभर उभं राहून मोजून देऊ शकतो. दोन माणसं सोबत लागतील.

---

श्टुटगार्टकर

डिसेंबरात गावी येतोय, तीन आठवडे. मोजायला मी आहे.

---

तोडकऱ्याची लेक

या मार्गावरच्या राजुरी आणि विघनवाडीच्या बाजूची माहिती मी जमवते. नववी-दहावीच्या पोरांना घरोघर विचारायला लावता येईल, कोण कुठे जातं, कशाने जातं, किती पैसे पडतात. हंगामाला निघायच्या आधी केलं पाहिजे, दसऱ्यानंतर घरं बंद असतात.